मास्तरांची वेस आणि बायकोचा चमचा

पाणीवाल्यांना त्या रविवारी झोपायचं होतं. याहून मोठी महत्त्वाकांक्षा त्यांनी गेल्या कित्येक महिन्यांत बाळगली नव्हती.

नगरपालिकेच्या पाणीपट्टी खात्यात ते हेडक्लार्क. त्यामुळे इमारतीत त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीपुरतंच उरलं होतं. नळाला पाणी आलं नाही की लोक त्यांच्याकडे बघत, आणि गढूळ आलं की जरा जास्तच बघत. आठवडाभर खिडकीपलीकडच्यांच्या तक्रारी ऐकायच्या आणि अलीकडून "अर्ज ठेवून जा" म्हणायचं, हे काम बसल्या जागेचं खरं, पण शनिवारपर्यंत माणसाचा पिळून वाळत घातलेला टॉवेल होतो. शिवाय ऑफिसातून सुटका झाली की घरी दुसरं खातं उघडंच असे. ते म्हणजे सासरे आणि बायको.

सासूबाई गेल्यापासून सासरे त्यांच्याकडेच राहत. त्यांना सगळे मास्तर म्हणत. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला. कान आता गेले होते, पण आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा ठणठणीत होता. बायकोला अलीकडे पक्षी बघायचा नाद लागला होता. गॅलरीत तिने दाणे आणि पाण्याचं भांडं ठेवलं होतं, आणि नेमक्या त्याच गॅलरीत मास्तर सकाळी पेपर घेऊन बसत व अग्रलेख मोठ्याने वाचत. एकदा वैतागून ती म्हणाली, "बाबा, तुम्ही असलात की एक पाखरू फिरकत नाही."

एरवी मास्तरांना दहा वाक्यांतलं एक ऐकू येई. हे नेमकं आलं. दुसऱ्या दिवसापासून ते दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सर्वांना सांगू लागले की आपल्या पायगुणाने या घरात पाखरूही फिरकेनासं झालंय. मग त्यांनी परगावच्या पुतण्याला फोन केला, बॅग भरली आणि सोमवारी निघतो म्हणून जाहीर केलं. बायको म्हणाली, जायचंय तर जाऊ देत. मास्तर म्हणाले, जायचंय म्हणून तर चाललोय. दोघांपैकी एकालाही ते हवं नव्हतं, हे पाणीवाल्यांना स्वच्छ दिसत होतं. पण ज्याला दोन्हीकडचं दिसतं त्याला घरात कोणी विचारत नाही.

बिचाऱ्यांचं चुकलं ते जेवताना. ताटावरची शांतता सहन होईना म्हणून ते बोलून गेले, की धरणाचं पाणी यंदा इतकं उतरलंय, बुडालेल्या गावाची वेस वर आली आहे म्हणे.

मास्तरांचा घास हातातच राहिला. ती वेस त्यांनी प्रत्येक वर्गाला शिकवली होती. एका रात्री सगळं गाव पळून गेलं असताना एकट्या दरवानाने तिचं दार आतून लावून धरलं आणि सैन्य बाहेर ताटकळत ठेवलं, हा त्यांचा हातखंडा धडा. पण वेस त्यांनी स्वतः कधी पाहिली नव्हती. त्यांची नोकरी लागायच्या आधीच ती पाण्याखाली गेली होती. इकडे बायकोही भाताचं भांडं तसंच धरून बसली. पाणी उतरलं म्हणजे चिखल आणि चिखल म्हणजे चमचे. चमचा हा पांढराशुभ्र, चमच्यासारख्या चोचीचा पक्षी, आणि तो तिला आजवर एकदाही दिसला नव्हता. "चमचे बघायला इतक्या लांब कशाला, आमच्या ऑफिसात चल," असं पाणीवाले म्हणाले, पण कोणी हसलं नाही. रविवारी गाडीने जायचं ठरलं.

बातमी जिन्यातून खाली उतरेपर्यंत सहलीची मोहीम झाली होती. खालच्या मजल्यावरच्या विमा एजंटांनी दोर, टॉर्च आणि पाण्याचा कॅन घ्यायला सांगितलं, आणि वयस्कर माणूस सोबत असल्यावर काय काय होऊ शकतं याची उदाहरणं चहा संपेपर्यंत दिली. शेजारच्या नर्सबाईंनी उलटीच्या, तापाच्या आणि चक्करच्या गोळ्या दिल्या. कुठली कशाची ते वेष्टनावरून कळेल म्हणाल्या, आणि वेष्टनं कापलेली होती. वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर मात्र खरे जिव्हाळ्याचे. त्यांनी स्वतः बसून एक जवळचा रस्ता कागदावर काढून दिला. "हमरस्त्याने मूर्ख जातात," म्हणाले. आपण मूर्ख आहोत असं सांगायचं धैर्य नसल्यामुळे पाणीवाल्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला.

निघायच्या वेळी बायकोने त्यांच्या अंगातला पांढरा सदरा उतरवायला लावला. पांढऱ्याला पक्षी बुजतात म्हणे. त्याऐवजी तिने मास्तरांचा एक जुना मातकट स्वेटर दिला. तो घातल्यावर पाणीवाल्यांनी आरशात पाहिलं, तर समोर ओल आलेली भिंत उभी होती.

गाडी गावाबाहेर पडली आणि नियम ठरला: एकदा पक्ष्यांसाठी थांबायचं, एकदा इतिहासासाठी. नियम न्याय्य होता. अडचण एवढीच, की पक्षी बघायला गप्प राहावं लागतं आणि इतिहास सांगायला बोलावं लागतं.

पहिला थांबा एका मोरीपाशी. खाली डबकं, डबक्यात काहीतरी करड्या रंगाचं. बायकोने दार न लावता पाय खाली ठेवला, दुर्बीण डोळ्यांना लावली आणि श्वास धरला. पाणीवाल्यांनीही धरला. मागच्या काचेतून मास्तरांनी विचारलं, "काय आहे?" डबकं रिकामं झालं. बायकोने वळून नवऱ्याकडे पाहिलं. तिला वडिलांकडे रागाने बघता येत नसे, त्यामुळे तो राग नेहमी वाटेत पाणीवाल्यांपाशी उतरे.

दुसरा थांबा एका खेड्याच्या तिठ्यावर, मास्तरांचा. तिथे चौथऱ्यावर तोफ होती. मास्तरांनी छत्री टेकवून तोफेची जात, गोत्र आणि पल्ला सांगायला सुरुवात केली. श्रोता एकच, स्वेटरमध्ये घामाघूम. बायको केव्हाच पलीकडच्या कुंपणाकडे सरकली होती. बुटाची नाडी सुटली म्हणून तिने परत येऊन दुर्बीण नवऱ्याच्या हातात दिली आणि समोरच्या छपरावर काय बसलंय ते बघायला सांगितलं. पाणीवाल्यांना छप्पर सापडेना. दुर्बिणीतून त्यांना आधी एक भिंत दिसली, मग खिडकी, मग खिडकीत एक बाई, आणि मग त्या बाईच्या नवऱ्याचा हात त्यांच्या खांद्यावर पडला.

"काय बघताय?" त्या गृहस्थाने विचारलं.

"चमचा," पाणीवाले म्हणाले.

खरं तर अशा वेळी माणसाने सावकाश, पहिल्यापासून सांगावं. पण थकलेला माणूस थोडक्यात उत्तर देतो आणि फसतो. ती खिडकी स्वयंपाकघराची होती. आमच्या घरातला चमचा तुम्हाला काय करायचाय, असं त्या गृहस्थाने विचारलं आणि चार माणसं गोळा झाली. पाणीवाले चोच, चिखल, पांढरा रंग असं काहीबाही सांगत राहिले आणि मागे मास्तर तोफ डागतच राहिले. शेवटी बायकोने येऊन पक्ष्यांच्या पुस्तकातलं चित्र दाखवलं, तेव्हा कुठे सुटका झाली. "मग आधीच सांगायचं ना," असं तो गृहस्थ म्हणाला, आणि गाडीत बसल्यावर बायकोही नेमकं तेच म्हणाली.

पुढे इंजिनियरांचा रस्ता लागला. सुरुवातीला छान होता. मग अरुंद झाला, मग त्याच्यावर गवत आलं, आणि एका चढावरून खाली उतरल्यावर तो सरळ, कसलाही संकोच न करता, पाण्यात गेला. इंजिनियरांच्या लहानपणी धरण नव्हतं, त्यांच्या डोक्यातला नकाशा त्याच काळातला होता, हे तिथे उभं राहिल्यावर लक्षात आलं. मास्तर फार खूश झाले. हाच जुना राजमार्ग, म्हणाले. सैन्य इथूनच आलं असणार. पाणीवाले गाडी वळवायला लागले आणि मागची चाकं चिखलात बसली.

आता ढकलायला दोघं आणि स्टिअरिंगवर बसायला कोणीतरी हवं. बायकोला गाडी येत नव्हती. मास्तरांनाही येत नव्हती, पण त्यांना ढकलायला लावणं बरं दिसलं नसतं. म्हणून त्यांना बसवून, कुठला पाय कशावर ठेवायचा ते ओरडून समजावलं. मास्तरांना ऐकू आलं ते असं, की जे काही दाबता येईल ते दाबा. त्यांनी हॉर्न दाबला. काठापासून पार पलीकडच्या टोकापर्यंत जितके म्हणून पक्षी होते ते सगळे एकदम उठले. आभाळ क्षणभर पांढरं झालं आणि मग अगदी मोकळं झालं. चिखलाने माखलेली बायको कमरेवर हात ठेवून रिकाम्या पाण्याकडे बघत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला एकदा तरी गप्प राहता येईल का?"

मास्तर गाडीतून सावकाश उतरले. "उद्यापासून कायमचा गप्प होतो," म्हणाले. "पुतण्याचं घर रस्त्यावरच आहे. तिथे तसंही कोणाला काही ऐकू येत नाही."

 एका ट्रॅक्टरवाल्याने दोर लावून गाडी बाहेर काढली, तेव्हा तिघं तीन दिशांना तोंड करून उभे होते. पाणीवाल्यांना वाटलं, परत फिरावं. घर, गादी, पंखा हे सगळं डोळ्यांसमोर आलं. पण असंच घरी नेलं तर सकाळी बॅग उचलली जाईल, आणि मग ती या घरातून कायमची गेली असं होईल. त्यांनी मुकाट्याने गाडी हमरस्त्याला घेतली, मूर्खांच्या रस्त्याला, आणि धरणाच्या फाटकाशी नेऊन उभी केली.

फाटकाशेजारी खोली होती, खोलीला खिडकी होती आणि खिडकीमागे एक कारकून होता. पाणीवाल्यांना आरशात बघितल्यासारखं झालं. तेच अर्धे मिटलेले डोळे, तोच गार झालेला चहा. कारकुनाने विचारलं, कशासाठी आत जायचंय? बायको म्हणाली, पक्षी बघायला. मग वनखात्याची परवानगी लागेल, ते ऑफिस आज बंद. मास्तर म्हणाले, वेस बघायला. त्याला पुरातत्त्व खात्याचं पत्र लागेल, आणि ते ऑफिस जिल्ह्याला. बायको वाद घालू लागली, मास्तर दरवानाची गोष्ट सांगू लागले, आणि कारकून दोघांनाही एकच उत्तर दोन आवाजांत देऊ लागला. वाद घालून खिडकी कधी उघडत नाही हे पाणीवाल्यांना पुरतं ठाऊक होतं. अख्खी नोकरी ते आतल्या बाजूला बसले होते. ते बाकावर टेकले. गर्दी दमेपर्यंत थांबले. मग उठून हळूच म्हणाले, "मला पाणी बघायचंय."

"पाण्याला आमचंच खातं," कारकून म्हणाला. "तुम्ही कोण?"

पाणीवाल्यांनी ओळखपत्र काढून दाखवलं. कारकुनाने ते वाचलं, स्वेटरकडे पाहिलं, स्वेटरमधल्या माणसाच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि एक शब्द न बोलता फाटकाची किल्ली काढली. "यांना काय, सोबत म्हणून घेऊ?" त्याने दोघांकडे हनुवटीने दाखवत विचारलं. पाणीवाले म्हणाले, "घ्या."

आत गेल्यावर चढणीच्या वर एक झाड होतं आणि खाली पाणी पसरलं होतं. दूर, पाण्याबाहेर हातभर आलेली दगडांची कमान. बाकी काही नाही. पक्षीही नाही. मास्तर एका दगडावर बसले, बायको दुसऱ्यावर, मध्ये पुरेसं अंतर सोडून. पाणीवाल्यांनी झाडाच्या बुंध्याला डोकं टेकवलं आणि आडवे झाले.  त्यांनी डोळे मिटले, आणि त्यांना खरोखर झोप लागली.

जाग आली ती मानेपाशी काहीतरी चालत होतं म्हणून. डोळे उघडणार, एवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की तोंडावर ऊन नाही. पापणीच्या फटीतून पाहिलं तर वर काळी छत्री होती. ती मास्तरांच्या हातात होती आणि हळूहळू कलत होती.

"द्या इकडे," बायको कुजबुजली. "मी धरते."

"झोपलेत का?" मास्तरांनी विचारलं. परीक्षेच्या वर्गात फिरताना मास्तर लोक ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात. असा आवाज त्यांच्याकडे आहे हे पाणीवाल्यांना आजवर ठाऊक नव्हतं.

"झोपलेत. दमलेत फार," ती मास्तरांच्या कानाशी वाकून म्हणाली.

"दमणारच. आपल्या दोघांच्या मध्ये उभं राहायचं म्हणजे..." मास्तर थांबले.

पाणीवाल्यांनी फट बंद केली. उठलं तर हे इथेच संपलं असतं, छत्री मिटली असती आणि दोघं पुन्हा आपापल्या दगडावर गेली असती. तेवढ्यात मानेवरची ती मुंगी चावली. लाल होती हे बघायची गरज नव्हती.

"मी पाखरांबद्दल बोलले होते, बाबा," बायको मास्तरांच्या कानाशी सांगत होती. "खऱ्या पाखरांबद्दल. दाणे टिपायला येतात ना, त्यांच्याबद्दल."

 मग मास्तर म्हणाले, "मला गप्प बसवत नाही गं. तुझी आई होती तोवर बसायचो. आता गप्प बसलो की कळतं, काहीच ऐकू येत नाहीये. बोलत असलो की निदान आपलाच आवाज डोक्यात वाजत राहतो."

दुसरी मुंगी. ही कॉलरच्या आत. पाणीवाल्यांनी पायाची बोटं बुटात घट्ट आवळली. आयुष्यात त्यांनी शौर्याचं असं काही केलं नव्हतं, आणि जे आत्ता करत होते ते कोणाला कधी सांगता येण्यासारखं नव्हतं.

"जाऊ नका," बायको म्हणाली.

"काय?"

"जाऊ नका."

"नीट बोल. काय म्हणालीस?"

जो शब्द एकदा उच्चारताना जीव जातो, तो तिला तिसऱ्यांदा, आणि खच्चून, म्हणावा लागला. "बाबा, जाऊ नका."

तो पलीकडच्या काठापर्यंत गेला असेल. एवढ्या आवाजाने मेलेला माणूसही उठला असता. पाणीवाले उठले नाहीत. त्यांनी एक छोटंसं घोरणंही काढलं, फार चांगलं नव्हतं, पण त्या क्षणी कोणी पारख करायच्या मनःस्थितीत नव्हतं. मास्तरांनी नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, पुतण्याला आता काय सांगायचं. बायको म्हणाली, सांगा की वेस बघायला गेलो होतो, दार आतून लागलं. मास्तर हसले. मग बराच वेळ दोघंही गप्प होती, खरोखरची गप्प.

आणि मग मास्तर त्याच बारीक आवाजात म्हणाले, "वेशीवर बघ. पांढरं काय आहे ते?"

बायकोचा श्वास अडकलेला ऐकू आला. दुर्बिणीची पेटी उघडली.  मग ती म्हणाली, चोच बघा बाबा, चोच, आणि दुर्बीण इकडून तिकडे गेली, तिकडून इकडे आली. मास्तर सांगत होते की कमानीच्या डाव्या अंगाला दाराच्या बिजागरीची खोबण अजून दिसते आहे. ती सांगत होती की एक नाही, चार आहेत. पाणीवाल्यांच्या पापण्या थरथरायला लागल्या. एवढा उपद्व्याप ज्यासाठी केला ते समोर होतं, आणि डोळे उघडायची चोरी. तिसरी मुंगी कानाच्या दिशेने निघाली. ते तिच्या प्रत्येक पावलाबरोबर तिला मनातल्या मनात परत फिरायला सांगत होते. तिने ऐकलं नाही. ती कानात शिरली, तेव्हा ते ओरडून उभे राहिले.

पक्षी उडाले. छत्री उलटी झाली. पाणीवाले एका पायावर नाचत कान झटकत होते, आणि बापलेक त्यांच्याकडे बघत होती.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"स्वप्न पडलं."

"जावईबापू, काय दृश्य चुकलं तुमचं," मास्तर नेहमीच्या आवाजात म्हणाले. "उठवणार होतो, पण ही म्हणाली, झोपू दे." परतीच्या वाटेवर त्यांनी ते दृश्य पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, आणि बायकोने मधूनमधून दुरुस्त्या केल्या. दोघं एकाच वेळी बोलत होती. पाणीवाले सुजलेली मान एका बाजूला कलवून गाडी चालवत होते आणि योग्य जागी "अरेरे" म्हणत होते.

सोमवारी सकाळी मास्तरांनी बॅगेतले कपडे काढून कपाटात परत लावले आणि एक हँगर कमी पडतो म्हणून तक्रार केली. पाणीवाले ऑफिसात गेले. खिडकीसमोर रांग लागलेली होती. बाजूच्या टेबलावरच्या टायपिस्टबाईंनी त्यांच्या कानाकडे, मानेकडे आणि लाल डोळ्यांकडे पाहिलं, आणि रविवार कसा गेला म्हणून विचारलं.

"छान गेला," पाणीवाले म्हणाले आणि खिडकी उघडली. "दिवसभर झोपलो होतो."